सीलबंद लेगो, कार्डावरच्या हॉटव्हील्स: उन्हाळा, कूलर आणि पावसाळा यांतून डबे शाबूत ठेवायचे कसे?

परभणी_ब्रिक्स

राम राम मंडळी. परभणीत स्लॅबचं घर आहे. वरचा मजला, डोक्यावर थेट गच्ची, आणि पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतर हात लाववत नाही. एसी नाही. मार्चअखेरपासून मृग निघेपर्यंत कूलर चालतो.

सामान असं: सीलबंद लेगो ३४ (९ मोठे, बाकी मध्यम आणि लहान), कार्डावरच्या हॉटव्हील्स गाड्या (पुठ्ठ्याच्या कार्डावर प्लास्टिकच्या बबलात बंद) साधारण १२०, त्यात सात-आठ जुन्या, भारतात निघालेल्या लिओ मॅटेलच्या, आणि फनस्कूलचे जी. आय. जो सैनिक बाहुले कार्डासकट ११. सगळं सध्या लॉफ्टवर, किराणा दुकानातून आणलेल्या खोक्यांत, डांबर गोळ्या टाकून ठेवलंय.

दिसायलेला त्रास: हॉटव्हील्सची कार्डं धनुष्यासारखी वाकायलीत. दोन कार्डांचा बबल एका कडेनं सुटलाय. लेगोच्या एका डब्याच्या सीलची टेप आपोआप उचलली गेलीय. दोन डब्यांच्या तळाला करडे ठिपके आलेत, बुरशी की धूळ ते कळत नाही.

लॉफ्ट बरा की कपाट? हवाबंद प्लास्टिकचे डबे घ्यावेत का? सिलिका जेल किती टाकायचं? लेगो उभे ठेवायचे की आडवे? आणि वाळवीचं काय? विकायचं काही नाही, दहा-पंधरा वर्षं नीट ठेवायचंय.

गोदाकाठ_डायकास्ट

दादा, बाकीचं नंतर. आधी डांबर गोळ्या काढा, आजच. नॅफ्थलीनची वाफ लोकरीच्या कपड्याला चालते, प्लास्टिकला नाही. पॉलिस्टायरीन ती शोषतं, मऊ पडतं, वर जाळीसारख्या बारीक चिरा येतात. लेगोचे ठोकळे १९६३ पासून एबीएस या कडक प्लास्टिकचे आहेत आणि एबीएसमध्येही स्टायरीन असतंच. जुळवायच्या विमान-रणगाड्यांचे किट असतील तर ते बहुतेक निव्वळ पॉलिस्टायरीन, त्यांना तर लवकर बाधतं. कापराच्या वड्यांनाही तीच मनाई. गोळ्या काढल्यावर ती खोकी फेकून द्या, वास पुठ्ठ्यात मुरलेला असतो.

आता लॉफ्ट. वरच्या मजल्याचा लॉफ्ट म्हणजे घरातली सगळ्यात तापणारी जागा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खाली सोडतो, त्यामुळं बाहेर गार पडलं तरी लॉफ्ट गारच होत नाही. लेगो कंपनी ठोकळे धुवायला ४० अंशांपेक्षा गरम पाणी वापरू नका म्हणते. आपल्याकडं मेमध्ये सावलीतली हवाच ४२-४४ असते. घाबरायचं नाही, एबीएस नरम पडायला शंभरच्या आसपास अंश लागतात, ठोकळा काही वितळत नाही. मरतो तो डिंक. बबलचा डिंक, सीलच्या टेपचा डिंक, स्टिकरच्या पाठीचा डिंक. तुमची टेप उचलली गेली ती त्यामुळंच. ती परत चिकटवू नका, वरून नवीन टेप तर अजिबात लावू नका. नवीन टेपचा डिंक पाच-सात वर्षांत पिवळा पडून पुठ्ठ्यात उतरतो, आणि पुढं कुणी डबा पाहिला तर सील तोडून पुन्हा लावलंय असंच समजेल. टेप सुटलेली तशीच राहू द्या, डबा पिशवीत घाला, विषय संपला.

आणि कार्डं वाकायचं कारण. लोक उन्हाळ्याला दोष देतात, पण आपल्या भागात पुठ्ठ्याचा खरा वैरी कूलर आहे. मेच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्के. कूलर लावला की त्याच खोलीत ६५-७५. बंद केला की परत खाली. पुठ्ठा रोज पाणी पितो आणि रोज सोडतो. हॉटव्हील्सच्या कार्डाची पुढची बाजू चकचकीत, तिथून पाणी हळू शिरतं. मागची उघडी, ती पटकन ओली-कोरडी होते. या ओढाताणीत कार्ड वाकतं. बबल ताठ, तो वाकत नाही, म्हणून त्याची कड सुटते. नुसता कोरडा उन्हाळा एकवेळ परवडतो, नुसता पावसाळाही परवडतो. रोजची ही वर-खाली परवडत नाही.

म्हणून जागा निवडताना पहिला प्रश्न कूलरचा. ज्या खोलीत कूलर फुंकतो तिथं संग्रह नको. पर्यायच नसेल तर कूलरच्या झोताच्या रेषेत नको आणि समोरची खिडकी उघडी हवी. आतली भिंत बघा, म्हणजे जिच्या पलीकडं दुसरी खोली आहे ती. पश्चिमेची नको, न्हाणीघराची नको, पाण्याच्या टाकीखालची नको. लोखंडी कपाट चालेल, लाकडी घेणार असाल तर नवीन प्लायवूड आणि एमडीएफला वास असतो, त्यातून निघणारी वाफ कागदाला आणि धातूला चांगली नाही. दोन-तीन महिने दारं उघडी ठेवून वास गेल्यावर वापरा.

ताप-आर्द्रता दाखवणारे दोन डिजिटल मीटर आणा, एक कपाटात, एक खोलीत. स्वस्तातल्या मीटरमध्ये पाच-सात टक्क्यांचा फरक असतोच, म्हणून तपासून घ्या: बाटलीच्या बुचात चमचाभर साधं मीठ, त्यात चिखल होईल एवढंच पाणी, विरघळून पाणी होईल इतकं नाही. ते बूच आणि मीटर एका झिप पिशवीत बंद करून आठ तास ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मीटर ७० दाखवत असेल तर तुमचा मीटर पाच कमी दाखवतो, तेवढं मनात धरा. हे केल्याशिवाय पुढचे सगळे आकडे हवेतले.

पुठ्ठा_आणि_पाणी

सिलिका जेलचं उत्तर देतो, कारण याच्यात सगळेच फसतात.

१०० लिटरचा प्लास्टिकचा डबा धरा. पावसाळ्यात ३० अंशांना ८० टक्के आर्द्रता असेल तर त्यातल्या हवेत पाणी किती? जेमतेम अडीच ग्रॅम. हे काढायला पाच-पाच ग्रॅमच्या दोन-तीन पुड्या पुरतील असं वाटतं. पण पाणी हवेत नसतंच, ते पुठ्ठ्यात असतं. ८० टक्के आर्द्रतेत पुठ्ठा आपल्या वजनाच्या ११-१२ टक्के पाणी धरून बसतो, ५० टक्क्यांत ७-८. त्या डब्यात लेगोचे दहा-बारा मध्यम सेट बसले तर डबे आणि आतल्या पुस्तिका मिळून पाच किलो कागद होतो. त्याचे चार टक्के म्हणजे २०० ग्रॅम पाणी. आणि सिलिका जेल ५० टक्के आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या पाव भागाएवढंच पाणी धरतं. म्हणजे श्रावणात पॅक केलेला हा डबा ५० वर आणायला ८०० ग्रॅम जेल लागेल. बुटांच्या खोक्यात निघणाऱ्या पुड्या टाकून समाधान मिळतं, बाकी काही नाही.

उलट पुठ्ठा आधीच कोरडा असताना डबा बंद केला तर १५०-२०० ग्रॅम जेल वर्षभर पुरतं, कारण त्याला फक्त झाकणातून झिरपणारी ओल धरायची असते.

म्हणून हवाबंद डबा घ्यावा का, याचं माझं उत्तर: घ्या, पण भरायचा महिना बघून. दिवाळी ते येळवस (डिसेंबर-जानेवारीतली वेळ अमावस्या) हा आपल्याकडचा भरायचा काळ. पाऊस गेलेला असतो, थंडी असते, आर्द्रता ४०-५० मध्ये रेंगाळते. सामान आठ दिवस उघड्या रॅकवर ठेवा म्हणजे पुठ्ठ्यातलं पाणी हवेच्या बरोबरीला येतं, मग कोरड्या दिवशी दुपारी बंद करा. पहाटे भरू नका, धुकं-दव असतं. मेमध्ये भरावं असं कुणी सांगेल, कारण हवा सगळ्यात कोरडी. नको. २० टक्क्यांवर पुठ्ठा ठिसूळ होतो, कोपरे हाताळताना चिरतात, घड्यांवरचा रंग तडकतो. ४०-५० हे लक्ष्य, ३५-५५ चालवून घ्या, ६५ च्या वर गेलं की बुरशीला आमंत्रण.

डबा गच्च भरला तर जास्त चांगला. आतला कागदच गादीसारखं काम करतो, थोडी ओल आली तर वाटून घेतो. अर्ध्या रिकाम्या डब्यातली आर्द्रता लवकर वर-खाली होते.

जेल निळं मिळतं आणि केशरी मिळतं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. घरात लेकरं असतील तर केशरी घ्या, आणि कोणतंही घेतलं तरी स्वयंपाकाच्या कढईत भाजू नका. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना दोन-तीन तासांत कोरडं होतं. १५० च्या वर नेलं तर रंग मरतो आणि मणी फुटतात. पण आपल्याकडं मेमध्ये वीज जाळायची गरज नाही. काळ्या पत्र्याच्या ताटात एका थराचं जेल गच्चीवर ठेवा, वर जाळी. पत्रा साठ-सत्तर अंशांना तापतो आणि हवा कोरडी असते, दोन दिवसांत बराचसा रंग परत येतो. ऊन उतरायच्या आत, गरम असतानाच झाकणाच्या बरणीत भरा. रात्रभर बाहेर राहिलं की मेहनत वाया.

जेल थेट डब्यांना टेकवू नका. मलमलच्या पिशवीत किंवा भोकं पाडलेल्या छोट्या डबीत, कोपऱ्यात.

लातूर_उभीरास

उभे की आडवे, यावर भांडणं होतात. मी उभेवाला. आडव्या राशीत खालच्या डब्यावर वरच्यांचं वजन वर्षानुवर्षं राहतं, आणि ओलीत पुठ्ठ्याची ताकद घटते. ८५-९० टक्के आर्द्रतेत खोक्याची दाब सहन करायची ताकद निम्म्यावर येते. नोव्हेंबरात नीट उभी असलेली रास ऑगस्टमध्ये खालून बसते ती यामुळं. पुस्तकांसारखे उभे ठेवले तर प्रत्येक डबा आपलं आपलंच वजन पेलतो.

फक्त घट्ट कोंबायचे नाहीत आणि सैलही सोडायचे नाहीत. सैल डबा तिरका होतो आणि तिरका राहिलेला डबा समोसा होतो. फट उरली तर पाच पदरी पुठ्ठ्याची पट्टी घाला.

गोदाकाठ_डायकास्ट

लहान डब्यांना उभं मान्य. मोठ्यांना नाही. मोठ्या डब्यात आतल्या पिशव्या सुट्ट्या असतात, उभा केला की सगळा माल तळाला बसतो, पुढची चित्राची बाजू खालून फुगते. एकदा फुगलेली सपाट होत नाही. ते ९ मोठे आडवे ठेवा, एकावर एक तीनच्या वर नाही, सगळ्यात मोठा खाली, आणि दोन डब्यांच्या मधे डब्याच्याच मापाचा पाच पदरी पुठ्ठा. त्यानं वजन कडांवर जातं, मधल्या पोकळ भागावर येत नाही. त्या पुठ्ठ्याच्या आणि डब्याच्या मधे पॉलिप्रॉपिलीनची पातळ शीट हवी, नाहीतर तपकिरी पुठ्ठ्याचं आम्ल छापील बाजूला लागतं.

लहान लेगो डब्यांना अंगठ्यानं दाबून उघडायची खाच असते, टेप नसते. ती खाच आत दबली की सील गेलंच समजायचं. उचलताना बोट तिथं जातंच, म्हणून खाचेची बाजू रॅकच्या आतल्या अंगाला.

लातूर_उभीरास

मोठ्यांचं मान्य. आणखी एक, २०२१ पासून लेगोनं आतल्या प्लास्टिकच्या पिशव्यांऐवजी कागदी पिशव्या टप्प्याटप्प्यानं आणल्यात. नवीन सेट असतील तर डब्याच्या आतही कागदच. जुन्या सेटमध्ये निदान ठोकळे ओलीपासून वेगळे असायचे. नव्यांना आधी हवाबंद डब्यात घाला, जुने मागाहून.

कसर_झुरळ_वाळवी

वाळवीकडं वळू. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, जोत्याच्या कडेनं फट पडते, तिथून वाळवी भिंतीत चढते. वरच्या मजल्यावर येत नाही असं समजू नका, विजेच्या पाइपातून आणि न्हाणीच्या ओलीनं ती वर जाते. पहिल्या मोठ्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाली वाळवी आली की त्या आठवड्यात घरातल्या सगळ्या चौकटी आणि स्कर्टिंग टॉर्चनं बघून घ्या. मातीची सुतळीएवढी नळी दिसली तर नुसती खरडू नका. खरडली की वाळवी वाट बदलते, जात नाही. जोत्याला भोकं पाडून औषध भरून घ्यावं लागतं, ते करणाऱ्या माणसालाच बोलवा.

रॅक भिंतीला चिकटवायचा नाही. चार इंच सोडा. हवा खेळावी म्हणून तर आहेच, पण खरं कारण हे की मधे मोकळी जागा असली तर वाळवीला नळी बांधून यावं लागतं आणि ती तुम्हाला दिसते. चिकटलेल्या कपाटाच्या पाठीतून ती थेट आत शिरते, आणि तुम्हाला कळतं तेव्हा डब्याचं नुसतं चित्र उरलेलं असतं. सगळ्यात खालचा कप्पा फरशीपासून सहा इंच वर. स्लॉटेड अँगलचा लोखंडी रॅक यासाठी सगळ्यात बरा, फळ्या लोखंडीच घ्या.

कसर वेगळी. ती चंदेरी, चपळ, अंधारातली. तिला पुठ्ठा नाही, पुठ्ठ्यावरची खळ आणि चकचकीत थर खायचा असतो, म्हणून चित्र खरवडल्यासारखं दिसतं. ओल ५० च्या खाली ठेवली तर ती टिकत नाही. झुरळं डिंक खातात आणि काळे ठिपके टाकतात. त्यांना झुरळं मारायच्या जेलची ठिपकी रॅकच्या पायांजवळ आणि भिंतीच्या कोपऱ्यात, डब्यांवर नाही. फवारा संग्रहाच्या खोलीत मारू नका, त्यातलं तेल छपाईवर बसतं. पाल हा आणखी एक त्रास, तिची विष्ठा कोरडी झाल्यावर चाकूच्या पात्यानं अलगद उचलायची, ओल्या फडक्यानं पुसली की पांढरा डाग कायमचा.

कडुनिंबाचा पाला टाकायची पद्धत धान्याच्या कणगीत ठीक आहे. बंद डब्यात ओला पाला म्हणजे स्वतःहून आत नेलेली ओल. वेखंडाची पूड कपाटाच्या तळाला कापडात बांधून ठेवली तर हरकत नाही, डब्यांना स्पर्श नको.

एखाद्या डब्यात कीड दिसलीच तर: झिप पिशवीत घाला, हवा काढा, डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. लगेच उघडली की गार पुठ्ठ्यावर दव धरतं आणि कीड गेली तरी डबा जातो. लोडशेडिंगमध्ये फ्रीजर चार तास बंद राहिला असेल तर दिवस पहिल्यापासून मोजा. कार्डावरच्या जी. आय. जोंना हे करू नका, थंडीत मऊ प्लास्टिक आणि रबर कडक होतं, पिशवी हलली तरी तडा जाऊ शकतो.

परभणी_ब्रिक्स

डांबर गोळ्या काढल्या, खोकी फेकली, सगळं आतल्या खोलीत आणलं. मीटर तपासून लावला (तीन टक्के जास्त दाखवतो). आता श्रावण चालू आहे, दुरुस्त करून आकडा ७६ येतो. दिवाळीपर्यंत काय करू? आणि ते करडे ठिपके? वाकलेली कार्डं सरळ होतील का?

पुठ्ठा_आणि_पाणी

दिवाळीपर्यंत काहीही हवाबंद करायचं नाही. ७६ वर बंद केलेला डबा म्हणजे बुरशीचं घर. रॅकवर बोटभर फट सोडून मांडा. दुपारी दोन ते चार बाहेरची आर्द्रता दिवसात सगळ्यात कमी असते, तेवढ्या वेळेला खिडक्या उघडून पंखा लावा; पाऊस असेल तेव्हा आणि रात्री बंद. त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका, हे अगदी साधं आहे पण एका बादलीच्या धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं.

जे चार-पाच सेट फार जपायचे आहेत ते आत्ताच डब्यात घालायचे असतील तर वरचा हिशोब वापरा: प्रत्येक किलो कागदाला १६० ग्रॅम कोरडं जेल, आठवड्यानं ते काढून दुसरं कोरडं जेल, मीटर डब्यातच. आकडा एका दमात खाली आणायचा नाही. दोन-तीन आठवड्यांत ५० वर येऊ द्या.

ठिपके: टॉर्च डब्याला समांतर धरून बघा. धूळ असेल तर कोरड्या मऊ ब्रशनं सरकते. बुरशी गोल गोल असते, कडेला लव दिसते, दमट वास येतो. बुरशी निघाली तर तो डबा ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळा, आधी पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळू द्या. ओली बुरशी घासली की आत जाते; वाळली की पूड होते. मग एन-९५ मास्क लावून गच्चीच्या सावलीत, वारा पाठीमागून घेऊन, मऊ ब्रशनं एकाच दिशेनं झटका. उन्हात ठेवायचं नाही, लाल आणि पिवळा रंग आधी उडतो. सॅनिटायझर, व्हिनेगर, डेटॉल काही नाही, छपाई पसरते. डाग थोडा उरेल, तो राहू द्या.

गोदाकाठ_डायकास्ट

कार्डांचं सांगतो. इस्त्री नाही, वाफ नाही, उलट्या बाजूनं वाकवणं नाही. उन्हाळ्यात वाकलेलं कार्ड दमट महिन्यांत आपसूक थोडं परत येतं. ५०-५५ च्या हवेत आठवडाभर राहू द्या, मग ताठ प्रोटेक्टरमध्ये (अख्खं कार्ड मावेल अशी पारदर्शक प्लास्टिकची डबी) घाला. तो बाकीचं काम करतो. सुटलेल्या बबलला डिंक लावू नका.

प्रोटेक्टर पीईटीचा (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) घ्या. आपल्या बाजारात लांब कार्ड आणि आखूड कार्ड दोन्ही येतात. लांब कार्ड साडेसहा गुणिले सव्वाचार इंच. ऑर्डर देण्याआधी मोजा. पीव्हीसी असल्याचा संशय आला तर ओळखायची सोपी रीत: तांब्याची तार गॅसवर लाल करा, प्रोटेक्टरच्या कापलेल्या तुकड्याला टेकवा, तार परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी उष्णतेत चिकट होतो आणि आम्ल सोडतो. खिडकी उघडी ठेवून करा, धूर चांगला नसतो. स्वयंपाकघरातला चिकट फिल्म रोल पण बाद. घट्ट गरम करून बसवायचा श्रिंक फिल्म तर वाईटच, कोपरे ओढून आत दाबतो.

गाड्या खिळ्याला टांगून ठेवू नका, गाडीच्या वजनानं वरचं भोक फाटतं. उभ्या, एक सरळ एक उलटी अशा आलटून-पालटून लावल्या तर बबलची जाडी दोन्हीकडं वाटली जाते आणि रांग सरळ बसते. १२० गाड्यांना फॅक्टरीच्या ७२ गाड्यांच्या केसच्या मापाची दोन खोकी पुरावीत, पण प्रोटेक्टरसकट नाही. मग तीन धरा.

लिओ मॅटेलच्या जुन्या कार्डांना वेगळं खोकं. त्यांचा बबल पिवळा पडलेला असेल तर तो परत पारदर्शक होत नाही, कुणी औषध सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. पिवळेपण उष्णता आणि उजेडानं वाढतं, तेवढं रोखायचं.

एकदा प्रत्येक गाडी नीट बघून घ्या. जस्ताच्या ओतकामात शिसं किंवा कथील मिसळलं गेलं असेल तर आतून धान्यासारखं फुटतं, रंगाखाली बारीक भेगा येतात, अंग फुगतं, दार किंवा तळपत्रा बसेनासा होतो. याला झिंक पेस्ट (जस्ताची कीड) म्हणतात, उपाय नाही, ओल आणि उष्णता त्याला पळवतात. युद्धापूर्वीच्या डिंकी गाड्यांत हे खूप दिसतं, आधुनिक हॉटव्हील्समध्ये क्वचित. संसर्गजन्य नाही, शेजारच्या गाडीला लागत नाही. पण फुटलेल्या गाडीचे कण बबलला ओरखडतात.

माळवद_धाराशिव

सगळे स्लॅबचंच बोलायलेत. माळवदाच्या (मातीच्या धाब्याच्या) घरात ठेवणाऱ्यांसाठी: ताप-थंडीच्या बाबतीत माळवद स्लॅबपेक्षा सरस, जाड मातीची भिंत दिवस-रात्रीचा फरक खाऊन टाकते. पण वरून माती झरते आणि पहिल्याच झडीत कुठंतरी गळतं. तिथं लोखंडी पेटी लागते. पेटीचा धोका वेगळा: रात्री पत्रा गार होतो आणि झाकणाच्या आतून दव धरतं, मग थेंब डब्यावर. म्हणून झाकणाला आतून जाड सुती कापड किंवा पाच पदरी पुठ्ठा लावा, सामान झाकणाला टेकू देऊ नका, पेटी विटांवर. बाजूला गंज असेल तर रंग मारून महिनाभर उघडी ठेवूनच भरा.

कसर_झुरळ_वाळवी

बॅटरीचं राहिलं. दुकानात बटण दाबून आवाज ऐकवणारी खेळणी असतात, त्यांत बॅटरी आधीच घातलेली असते. पाच-सात वर्षांत अल्कलाइन बॅटरी फुटते, पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि तारा, प्लास्टिक, पुठ्ठा खातं. सीलबंद आहे म्हणून तशीच ठेवायची की काढायची हा ज्याचा त्याचा निर्णय. सील न तोडता बॅटरीचं झाकण बाहेरून उघडत असेल तर काढाच. उघडत नसेल तर तो डबा एकटा, वेगळ्या पिशवीत, बॅटरीची बाजू खाली. फुटलेलीच निघाली तर हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस, मग कोरडा बोळा.

जी. आय. जोंच्या कंबरेत रबराची रिंग असते, ती वाळून तुटते आणि बाहुला कार्डावरच दोन तुकडे होतो. बबल फोडल्याशिवाय बदलता येत नाही. गार ठेवणं एवढंच हातात आहे, म्हणून या ११ ची जागा रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात.

आणि मऊ विनायलचे हात-पाय, मऊ टायर हे डब्याबाहेर सुटे असतील तर लेगोच्या किंवा स्टायरीनच्या तुकड्याला टेकू देऊ नका. मऊ करणारं तेल त्यातून बाहेर येतं आणि दुसऱ्या प्लास्टिकवर वितळल्यासारखा खड्डा पाडतं. मधे पॉलिथिनची पिशवी पुरते.

परभणी_ब्रिक्स

मोठे ९ आडवे, बाकीचे उभे लावले. ठिपके बुरशीच निघाले, दोन्ही डबे वेगळे काढलेत. एकच विचारायचं राहिलं: आयातदाराचं एमआरपीचं स्टिकर चित्रावर चिकटवलेलं असतं, ते काढू का? डिंक झिरपेल अशी भीती वाटते.

लातूर_उभीरास

नका काढू. खालची छपाई हमखास उचलली जाते, आणि भारतात विकला गेल्याचा तोच पुरावा असतो. आयएसआयची खूण असलेलं स्टिकरही तसंच राहू द्या. ती खूण खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची झाली, त्यामुळं डबा कोणत्या काळातला ते त्यावरूनही कळतं. कड उचलायला लागली असेल तर वर पॉलिप्रॉपिलीनची शीट ठेवून पिशवीत घाला, म्हणजे शेजारच्या डब्याला चिकटणार नाही. पिशवीच्या बाहेर तारीख आणि त्या दिवशीचा मीटरचा आकडा पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी लावा. बॉलपेन नको, शाई उमटते.